एकावर एक दोन ठिपके

२९ सप्टेंबर

दादा,

आधी जे घडलं तेवढंच लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

१. शर्यत शनिवारी सकाळी सुरू झाली. तुझा नंबर नऊ, भाऊजींचा सत्तावीस. प्रत्येक सायकलला एक ट्रॅकर. वर आकाश मोकळं असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने आपली जागा कळवतो आणि नकाशावर त्या नंबराचा ठिपका सरकतो. नकाशा सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

२. सोमवारी दुपारी भाऊजी घळीत शिरले. काही वेळाने त्यांच्यामागून तू शिरलास. घळीत आकाश दिसत नाही, त्यामुळे ठिपकेही दिसत नाहीत. दर वर्षी सगळेच तिथे काही वेळ गायब होतात.

३. दिवस मावळायच्या आत दोन्ही ठिपके घळीच्या वरच्या तोंडाशी उगवले. एकत्र. एकत्रच खिंडीतल्या निवाऱ्यापर्यंत चढले.

४. निवारा चालवणाऱ्या बाई म्हणतात, त्या संध्याकाळी एकच माणूस आला.

५. मंगळवारी दिवसभर बर्फ पडला. दोन्ही ठिपके निवाऱ्यात.

६. बुधवारी सकाळी नऊ नंबर उलटा फिरला, घळीत गेला, दुपारी बाहेर आला आणि दुसऱ्या रस्त्याने खाली उतरला. सत्तावीस नंबर निवाऱ्यातच, दाराजवळच्या खिळ्याला लटकलेला.

७. तू आयोजकांना लिहून दिलंस की सत्तावीसचा ट्रॅकर तुला निवाऱ्याजवळच्या शेवटच्या वळणावर पडलेला मिळाला आणि भाऊजी तुला कुठेच दिसले नाहीत.

८. शोधपथकाने ते वळण आणि त्याखालचा उतार पालथा घातला. भाऊजी सापडले नाहीत.

९. तू घरी आला नाहीस.

आता फक्त सातव्या मुद्द्याबद्दल. शेवटच्या वळणावर पडलेली वस्तू घळीपासून तुझ्याबरोबर चढत येत नाही. दोन्ही ठिपके घळीच्या तोंडापासून निवाऱ्यापर्यंत एकावर एक होते. इतके, की नंबर वाचता येत नव्हते. दोन माणसं कितीही सोबत चालली तरी एक पुढे असतो, एक मागे. एक पाणी प्यायला थांबतो, दुसरा साखळी बसवायला. ठिपके जवळ येतात, सुटतात, पुन्हा जवळ येतात. हे सुटलेच नाहीत. म्हणजे सत्तावीसचा ट्रॅकर घळीतून बाहेर पडला तेव्हाच तुझ्या सायकलवर होता.

हे मी पथकाच्या प्रमुखांना परवा सांगितलं. ते गिर्यारोहण शिकवतात, फार बोलत नाहीत. त्यांनी नकाशा दोनदा पाहिला आणि विचारलं, "तुमचे बंधू खोटं बोलले?"

मी म्हटलं, "तो थकला होता."

"थकलेला माणूस विसरतो," ते म्हणाले. "जागा बदलून सांगत नाही."

घळीत सध्या बर्फ भुसभुशीत आहे, त्यामुळे पथक उतरू शकत नाही. हवा सुधारली की उतरेल. तोपर्यंत त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळायला हवं.

तुझा पत्ता आपल्या वेल्डरने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. आधी म्हणाला, मला माहीत नाही. मी त्याच्या दुकानात उभी राहिले. तो म्हणाला, "बस तरी." मी म्हटलं, उभी बरी आहे. त्याने एक अख्खी फ्रेम जोडून संपवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "तुम्ही सगळी भावंडं एकाच साच्यातली. तोही जाताना असाच उभा होता, खांबासारखा." मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर पत्ता लिहून दिला. तू टायरच्या गोदामात माल चढवतोस, वरच्याच खोलीत राहतोस आणि खोलीला खिडकी नाही, एवढं त्याच्याकडून कळलं. रबराचा वास तुला लहानपणापासून चालतो.

मला एकच गोष्ट हवी आहे. ट्रॅकर तुझ्या हातात कुठे आला ते लिही.

तुझी धाकटी


६ ऑक्टोबर

दादा,

पोचपावती आली. सही तुझीच आहे, शेवटचा फराटा वर जाणारा. म्हणजे पत्र मिळालं.

इथली हकीकत. शर्यत संपली की नकाशा बंद करतात. ताईने सांगितलं, बंद करू नकोस. मी केला नाही. त्यावर आता एकच ठिपका आहे: सत्तावीस, खिंडीतल्या निवाऱ्यात. ट्रॅकर खरं तर माझ्या टेबलाच्या खणात बंद पडला आहे. नकाशा शेवटची माहीत असलेली जागा दाखवत राहतो. त्याला तेवढंच येतं. ताई भाजी चिरताना मोबाइल समोरच्या डब्याला टेकवून ठेवते. मध्येच बोटाने नकाशा मोठा करते, मग लहान करते. ती दवाखान्यात जाते, दातांच्या डॉक्टरांना हत्यारं हातात देते, घरी येते. रडत नाही. रडली असती तर निदान काय करायचं ते तरी मला कळलं असतं.

गेल्या वर्षीचं तुला पाठ आहे, तरी लिहिते. त्याशिवाय यंदाचं काही समजत नाही, आणि पथकप्रमुखांना मला हेच समजावून सांगावं लागलं.

गेल्या वर्षी भाऊजींचा ठिपका एका सकाळी थांबला तो थांबलाच. ताईने आधी आयोजकांना फोन केला, मग पोलिसांना, मग मला, मग पुन्हा आयोजकांना. शेवटी जीप गेली, चार माणसं गेली. भाऊजी रस्त्याखालच्या मोरीच्या पाइपात तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांना उठवायला पाय ओढावे लागले. बाहेरच्या माणसांनी हात लावला म्हणून नियमाप्रमाणे शर्यतीतून बाद. या शर्यतीत घरच्यांनी पाण्याची बाटली दिली तरी माणूस बाद होतो, मग पाय ओढून उठवणं तर लांबच राहिलं.

आयोजक ताईला म्हणाले, "बाईसाहेब, ही शर्यत आहे, शाळेची सहल नाही." घरी बसून नकाशा बघणारे जे लोक आहेत, ज्यांना आपण ठिपकेवाले म्हणतो, त्यांना महिनाभर पुरेल एवढं खाद्य मिळालं. कुंभकर्ण हे नाव तेव्हाचं. बाबांच्या दुकानाच्या शटरवर कोणीतरी गजराच्या घड्याळाचं चित्र चिकटवलं. ताईच्या दवाखान्यात खुर्चीत आडवे झालेले पेशंटसुद्धा तोंडातल्या कापसासकट विचारायचे, "उठले का?"

ताई हसायची. घरी येऊन भाऊजींशी बोलायची नाही. भाऊजी म्हणायचे, "मी काय मुद्दाम झोपलो?" आणि ती म्हणायची, "झोपलास त्याचं नाही. मी एकटी जागी होते, त्याचं आहे."

मग त्यांच्यात ठरलं. तू तिथेच होतास, दुकानात, मागचं चाक सरळ करत होतास. ताई म्हणाली, या वर्षी काहीही होवो, मी फोन करणार नाही. भाऊजी म्हणाले, या वर्षी माझा ठिपका थांबणारच नाही. मेलो तरी चालत राहील. बाबा म्हणाले, "अभद्र बोलू नये." सगळे हसले. मीसुद्धा.

यंदा ताईने खरंच कोणाला फोन केला नाही. फक्त मला केला, सोमवारी संध्याकाळी. माझं काम असं आहे की घरच्यांना नकाशावर दिसतं तेवढंच सांगायचं, त्यापलीकडे शब्द नाही. तिने विचारलं, "दोघं एकत्र आहेत ना गं?"

मी म्हटलं, "ठिपके एकत्र आहेत."

ती म्हणाली, "तुला साधं हो म्हणता येत नाही का?"

मी हो म्हटलं.

मंगळवारी एका ठिपकेवाल्याने नकाशाखाली लिहिलं, "कुंभकर्णाला अखेर गादी मिळाली. आता वसंतातच उठवा." त्यावर बरेच हसरे चेहरे आले. बुधवारी त्यांनी ते सगळं पुसून टाकलं. माझ्याकडे प्रत आहे, पण ती पाठवत नाही.

शुक्रवारी दुकानातला फोन वाजला. मी ब्रेकच्या तारा निवडत होते. बाबांनी उचलला, दोनदा "कोण?" म्हणाले आणि मग गप्प उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मागचं चाक मी सरळ केलंय. दोन तारा बदलाव्या लागल्या. रिम वाचली." मग हळूच फोन ठेवला. मी विचारलं, कोण होतं? ते म्हणाले, "राँग नंबर."

राँग नंबरवाल्याला बाबा तुझ्या चाकाची हकीकत सांगत नाहीत.

तेव्हा फोन करता येतो तुला. बोलता येत नाही, असं दिसतं. म्हणून पुन्हा लिहून विचारते. कुठे?

तुझी धाकटी


११ ऑक्टोबर

दादा,

दुसरी पोचपावतीही आली. उत्तर आलं नाही. म्हणून मी स्वतः निवाऱ्यावर जाऊन आले. पलीकडच्या बाजूने रस्ता अजून उघडा आहे, सामान नेणारी जीप जाते.

निवारा म्हणजे एकच लांब खोली, दोन बाजूंना फळ्यांचे बाक, मधे शेगडी. दारामागे खिळ्यांची रांग, ओले कपडे टांगायला. बाईंनी मला तुझी जागा दाखवली, शेगडीजवळची नव्हे, दाराजवळची. त्या मोठ्याने बोलतात, कारण तिथे वारा कायमचा. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"आला तोच म्हणाला, दोघांचं जेवण लावा. म्हटलं दुसरा कुठाय? म्हणे मागून येतोय. मी दोन ताटं वाढली. स्वतःचं खाल्लं, दुसऱ्यावर झाकण ठेवलं. झाकण काय कामाचं, दोनदा गरम केलं मी ते. झोपायच्या वेळी बघते तर पठ्ठ्याकडे झोपायची पिशवीच नाही. म्हटलं पिशवी कुठाय? तर म्हणे, ओझं होत होतं, पुढे पाठवली. अरे पुढे कुठे पाठवणार, पुढे मीच आहे. मग माझी सतरंजी दिली. ती पांघरून बसून राहिला, आडवा काही झाला नाही."

मंगळवारी बर्फात तू त्या वळणापर्यंत जात होतास आणि परत येत होतास. बाईंना वाटलं तुझं डोकं फिरलं. त्यांच्याकडे वायरलेस आहे. त्यांनी विचारलं, खाली कळवू का? तू म्हणालास, "नको. गेल्या वर्षी लांडगा आला रे आला झालंय. तो खाली उतरून गेला असेल. उगाच त्याच्या बायकोच्या जिवाला घोर."

बाई मला म्हणाल्या, "मी तरी कळवायला हवं होतं का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. जीप निघताना त्यांनी उकडलेली दोन अंडी माझ्या हातावर ठेवली आणि लगेच आत गेल्या.

आता जे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही ते.

पथकाने ट्रॅकर आणून माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा तो ज्या पट्टीने बांधला होता ती पट्टी त्याला तशीच होती. जुन्या ट्यूबमधून कापलेली, बोटभर रुंद. गाठ बाबांची होती. दोन वेढे, तिसरा खालून, टोक मोकळं. हातमोजे घालूनही एका हिसक्यात सुटते आणि नाही ओढली तर डोंगर हलला तरी सुटत नाही. ही गाठ तुला येते, मला येते. भाऊजींना चार वर्षांत आली नाही. बाबा म्हणायचे, "जावईबापू, हे हात आहेत की पाय?" आणि भाऊजी म्हणायचे, "पायच आहेत, म्हणून तर सायकल चालवतो." त्यांच्या ट्रॅकरला कारखान्यातला साधा बकलाचा पट्टा होता. तो गाठीत नव्हता, ट्रॅकरवरही नव्हता.

म्हणजे रस्त्यात पडलेली वस्तू तू उचलून खिशात टाकली नाहीस. उभं राहून, पट्टी कापून, तुझ्या सायकलच्या दांड्याला नीट बांधलीस. घाईत ही गाठ बसत नाही.

आणि मला तू दुकानात म्हटलेलं आठवलं. भाऊजी "मेलो तरी चालत राहील" म्हणाले, बाबा रागावले, आणि तू चाकावरून मान वर न करता म्हणालास, "दमलास की सांग, तुझा ठिपका मी नेईन." सगळे त्यालाच हसले होते.

त्यामुळे मला वाटतं ते असं. घळीत तुला भाऊजी भेटले. दमलेले, किंवा पाय मुरगळलेला, किंवा नुसतेच गारठलेले. ते म्हणाले असतील, मी जरा बसतो, सकाळी येतो, पण घळीबाहेर ठिपका निघाला नाही तर ती घाबरेल. तू त्यांना तुझी झोपायची पिशवी दिलीस. त्यांचा ठिपका घेतलास. एका स्वाराने दुसऱ्याला सामान दिलं तर नियमाने दोघंही बाद, म्हणून तू गप्प राहिलास असं आयोजकांना वाटेल. मला तसं वाटत नाही. तू गप्प राहिलास कारण त्यांनी तुला शपथ घातली असणार. बुधवारी तू परत घळीत गेलास तेव्हा ते त्या जागी नव्हते. तू ठरवलंस की ते खाली उतरले. आणि खाली आल्यावर कळलं की उतरले नाहीत. मग तू पहिलं जे सुचलं ते वळण लिहून दिलंस.

यात कुठे चुकत असेन तर सांग. हे सगळं अंदाजाने लिहिलंय आणि मला अंदाजाने लिहायला आवडत नाही.

एक गोष्ट मात्र अंदाजाची नाही. ट्रॅकरवर एक लाल बटण असतं. दाबलं की मदत निघते. घळीत ते चालत नाही, त्याला आकाश लागतं. घळीबाहेर चालतं. भाऊजींचं बटण घळीबाहेर आलं तेव्हा तुझ्या सायकलवर होतं. तुझं स्वतःचंही होतं. मी हे दोनदा लिहून खोडलं होतं, तिसऱ्यांदा ठेवते आहे.

ट्रॅकरचे फोटो काढायच्या आधी मी गाठ सोडली. पट्टी माझ्या खिशात आहे. हे मी तुझ्यासाठी केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पथकप्रमुखांनी सांगितलं, घळीचे दोन भाग आहेत, मधे ओढा. ओढ्याच्या अलीकडे, म्हणजे तुम्ही शिरलात त्या बाजूला, वाट कड्याच्या कडेने येते. तिथे थांबलेला माणूस बर्फ सुरू झाल्यावर ओढा ओलांडू शकणार नाही, मागे फिरेल, आणि त्या वाटेवर बर्फात पाय सटकला की खाली कडा. ओढ्याच्या पलीकडे झाडी आहे आणि लाकूडतोड्यांचा जुना रस्ता फुटतो. तिथे थांबलेला माणूस उतार दिसतो म्हणून त्या रस्त्याने आत शिरेल. दोन्हीकडे शोधायला माणसं नाहीत.

उत्तर दे.

तुझी धाकटी


१८ ऑक्टोबर

दादा,

तिसऱ्या पोचपावतीवर सही वेगळी आहे. गोदामाच्या वॉचमनची असावी. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. मंगळवारी वेल्डरचं दुकान बंद असतं, तो घेऊन येईल. मी त्याला म्हटलं, दादा दार उघडणार नाही. तो म्हणाला, "उभं राहायला मलाही येतं आता. तुमच्याच घरात शिकलो." त्याला निदान चहा तरी विचार. तो तुझ्यासाठी बाबांनी दिलेली हातमोज्यांची जोडी आणतो आहे. मी बाबांना विचारलं, गोदामात हातमोजे कशाला? ते म्हणाले, "तारा लागतात हाताला." टायरच्या गोदामात कुठल्या तारा, हे मी विचारलं नाही.

हवामानाचा अंदाज आला. येत्या शुक्रवारपासून तीन दिवस आकाश मोकळं राहील. त्यानंतर हिवाळ्याचा बर्फ सुरू होईल आणि घळ वसंतापर्यंत बंद. पथक शुक्रवारी सकाळी उतरणार आहे. प्रमुखांनी पुन्हा स्पष्ट सांगितलं: सहा माणसं, तीन दिवस, एक बाजू. दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या केल्या तर एकही होणार नाही.

काल मी त्यांना पट्टी दिली. गाठ बांधून दाखवली. पिशवीचं सांगितलं, ताटाचं सांगितलं, बटणाचंही सांगितलं. गाठ मी सोडली होती तेही सांगितलं. ते बराच वेळ पट्टीशी चाळा करत बसले. गाठ त्यांनाही जमली नाही. मग म्हणाले, "तुमच्या भावाला कळवा, शिक्षा करायला मी बसलेलो नाही. मला फक्त कुठून सुरुवात करायची ते सांगा." तेव्हा तुझ्याकडे आता लपवायला काही उरलेलं नाही. फक्त सांगायला आहे.

तिथून मी ताईकडे गेले. तिला सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. ती भाऊजींच्या लोकरी कपड्यांची घडी करत होती. पथकाबरोबर निवाऱ्यापर्यंत तिला जायचं आहे, आणि सापडल्यावर त्यांच्या अंगावर घालायला काही कोरडं असावं, असं ती म्हणाली. मी मोजे घेतले आणि जोड्या लावायला लागले.

मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "मला सोमवारीच कळलं होतं."

"काय?"

"तो ठिपका त्याचा नव्हता. हा चढाला लागला की थांबतो. पाणी पितो, टोपी काढतो, टोपी घालतो, मागे वळून किती चढलो ते बघतो. नकाशावर त्याचा चढ म्हणजे अडखळत बोलणाऱ्या माणसासारखा. चार वर्षं बघते आहे मी. त्या संध्याकाळी सत्तावीस नंबर घळीपासून निवाऱ्यापर्यंत एका दमात चढला. असा दादा चढतो."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, सुधारला. दादाच्या सोबतीने दम धरायला शिकला." तिने स्वेटरच्या बाह्या आत दुमडल्या. "आणि गेल्या वर्षी सांगितलं होतं ना मी. सगळ्यांना."

मग मी तिला राहिलेलं सांगितलं. लाल बटणाचं सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. तसा तो राहिल्याचं मला बरं वाटलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"दादाने त्याला पांघरायला काही दिलं होतं का?"

"दिलं होतं. स्वतःची झोपायची पिशवी."

ती घडीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "मग दादाला किती थंडी वाजली असेल."

हे तुला जसंच्या तसं कळवायला तिने सांगितलेलं नाही. मी माझ्या जबाबदारीवर कळवते आहे.

तू लिहिलं नाहीस तर पथक कड्याच्या बाजूला जाईल. प्रमुखांनी मला विचारलं आणि मी तसं सांगितलं, कारण तुम्ही दोघं घळीत शिरलात त्या वेळांमधलं अंतर पाहता तू त्यांना ओढ्याच्या आधी गाठण्याची शक्यता थोडी जास्त आहे. थोडीच. एवढ्याशा फरकावर मी साधी वायरसुद्धा जोडत नाही, आणि इथे ताईचा नवरा आहे. तो शोध चुकला तर ताई हिवाळाभर तो नकाशा उघडून बसेल आणि मला तो बंद करता येणार नाही.

तुला सगळं लिहायची गरज नाही. ते काय म्हणाले, तू काय म्हणालास, ते तुझ्याकडेच ठेव, हवं तितके दिवस. तुम्ही दोघं कुठे उभे होतात तेवढं सांग. ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे. एक शब्द. वेल्डरकडे चिठ्ठी दे, किंवा दुकानाच्या फोनवर सांग. फोन बाबा उचलतील. ते काही विचारणार नाहीत, आणि या वेळी चाकाचंही बोलणार नाहीत, मी त्यांना सांगून ठेवलं आहे. ते फक्त ऐकतील.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, संध्याकाळी सहाच्या आत उत्तर दे.

तुझी धाकटी